आठ दिवसांचा युरोप

एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ती नागपुरात सुरू केली होती. नावही त्यावरूनच पडले. सव्वाशे वर्षे या गिरणीने शहराला रोजगार दिला, कामगारवस्त्या दिल्या, संप दिले, पगाराच्या दिवशीचा बाजार दिला. शेवटची काही वर्षे ती सरकारी महामंडळाच्या ताब्यात गचके खात चालली आणि मग थांबली. आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे.

त्याच २००२ मध्ये नागपुरात फुटबॉलची एक स्पर्धा झाली. तिचे नाव होते ‘झोपडपट्टी फुटबॉल’. शहरातल्या वस्त्यांमधून १२८ संघ उतरले. एका संघात राखीव खेळाडू धरून दहा पोट्टे असे मानले, तरी हा आकडा हजाराच्या पुढे जातो. गिरणी बंद पडली म्हणून मुले फुटबॉल खेळू लागली, असा सोपा धागा मला जोडायचा नाही. पण मैदानावर उतरलेल्या त्या हजारभर मुलांच्या आज्यांना आणि बापांना सोळाव्या-अठराव्या वर्षी निदान ‘बदली’ कामगार म्हणून गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहता येत होते. या मुलांसमोर ते फाटकही उरले नव्हते. हाताला काम नाही, शाळा सुटलेली, दिवस मोठा. अशा दिवसांत त्यांच्यासमोर बॉल आला.

ही हकिगत त्या मुलांची आहे. त्यांच्यातले काही जण पुढे युरोपात खेळून आले, पॅरिसला, ऑस्लोला, ग्लासगोला. तिथे त्यांचे काय झाले, आणि परतल्यावर काय झाले, हे नागपूरने नीट लिहून ठेवायला हवे असे मला फार वाटते.

फुटबॉल विदर्भाला नवा नव्हता. नागपूरपासून हाकेच्या अंतरावर कामठी आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. गोऱ्या शिपायांच्या पलटणी आल्या, त्यांच्यामागोमाग त्यांचे खेळ आले. पलटणी गेल्या, फुटबॉल मात्र कामठीच्या मोहल्ल्यांत राहिला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपुरातले राहुल क्लब, यंग मुस्लिम, रेल्वेचा आणि पोलिसांचा संघ, ही नावे जिल्हा लीगच्या बातम्या वाचणाऱ्याला पाठ असतात. क्रिकेटच्या बातम्यांखाली चार ओळींत उरकल्या जाणाऱ्या या बातम्या, पण सामन्याला गर्दी असायची आणि अजूनही असते. तरी या क्लबांचे जग आणि झोपडपट्टीतल्या मुलाचे जग यांच्यात एक उंबरठा होता. क्लबात जायचे तर बूट लागतात, सरावाला रोज पोचायचे तर सायकल लागते, आणि ‘हा कोणाचा’ असे विचारले तर ओळख सांगणारा कुणीतरी लागतो.

हा उंबरठा पार करून देणारे विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. हिस्लॉप हे नागपुरातले जुने नाव. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, शाळा काढली, या भागातल्या दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, आणि १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून गेला. त्याच्या नावाचे कॉलेज १८८३ चे. क्रिकेटपटू सी. के. नायडू याच परंपरेतल्या हिस्लॉप कॉलेजिएट शाळेचे विद्यार्थी. म्हणजे खेळाचा वारसा त्या नावामागे आधीपासून होता.

२००१ च्या पावसाळ्यात बारसे पावसापासून आडोसा म्हणून झाडाखाली थांबले होते. समोर चिखलात वस्तीतली मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. ही गोष्ट आता इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती ऐकताना कान झाकावेसे वाटतात. पण तिच्यातला एक तपशील मला अजूनही जिवंत वाटतो. बादली गोल असते, पण चेंडूसारखी घरंगळत नाही. तिला कडा असतात, मोडलेली कडी असते. ती कुठे उसळेल याचा भरवसा नसतो. चिखलात अनवाणी पायाने बादली खेळवणाऱ्या मुलाच्या घोट्याला जी सवय लागते ती शिबिरात शिकवता येत नाही. शारीरिक शिक्षणाच्या माणसाला हे दिसले असणार. बारसे यांनी त्यांना फुटबॉल आणून दिला. मुले खेळत राहिली, आणि खेळतात तेवढा वेळ ती गांजापासून, जुगारापासून, मारामारीपासून दूर राहतात हे बारसे यांच्या लक्षात आले. पुढचे सगळे काम या निरीक्षणावर उभे आहे.

क्रीडा विकास संस्था निघाली. पत्नी रंजना बारसे सुरुवातीपासून या कामात होत्या. २००२ च्या त्या पहिल्या स्पर्धेनंतर जिल्ह्याची, राज्याची आणि मग इतर राज्यांतल्या संघांचीही स्पर्धा सुरू झाली. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून बारसे यांनी शहराबाहेर जमीन घेतली, मुलांना सरावाला हक्काची जागा असावी म्हणून. अमेरिकेत संशोधन करणारा मुलगा अभिजित परतला आणि कामात पडला. इंग्रजीत संस्थेचे नाव ‘स्लम सॉकर’ झाले. मराठी नावातला ‘झोपडपट्टी’ हा शब्द मात्र अनेकांना खटकला असणार, आजही खटकतो. मला तो योग्य वाटतो. नागपुरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत आणि शहरातला साधारण तिसरा माणूस तिथे राहतो. ज्या शब्दाने एरवी मुलाला हाकलले जाते, तोच शब्द स्पर्धेच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि त्याखाली १२८ संघ उभे राहिले. त्या वयात ही गोष्ट मनावर काय करते, हे वस्तीत वाढलेल्यालाच विचारावे.

आता नागपूर सोडून जरा दूर जावे लागेल.

ज्या २००१ साली बारसे झाडाखाली उभे होते, त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांच्या संपादकांची परिषद भरली होती. ही वर्तमानपत्रे बेघर माणसे विकतात आणि विक्रीतला वाटा त्यांना मिळतो. परिषदेत स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाच्या ग्रात्स शहरातले हॅराल्ड श्मीड यांच्या गप्पा रंगल्या. परिषदा आपण संपादकच भरवतो, पेपर विकणारी माणसे कधी एकमेकांना भेटतच नाहीत. त्यांना एकत्र आणायचे तर कशाने, हा प्रश्न. फुटबॉल हे उत्तर दोघांनाही चटकन सुचले, कारण तो भाषेविना चालतो. २००३ च्या जुलैत ग्रात्समध्ये पहिला ‘होमलेस वर्ल्ड कप’ झाला, १८ देशांचा. यजमान ऑस्ट्रियाच जिंकला. श्मीड यांच्या ‘मेगाफोन’ या पेपरचे विक्रेते कोण होते, हेही सांगायला हवे. त्यांत नायजेरियातून आश्रयाला आलेले तरुण मोठ्या संख्येने होते. युरोपात पोचलेला नायजेरियन तरुण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या क्लबची जर्सी घातलेला खेळाडू येतो. ग्रात्सच्या चौकात पेपरचा गठ्ठा घेऊन थंडीत उभा असलेला तरुणही त्याच गावातून, कदाचित त्याच गल्लीतून आलेला असतो.

या स्पर्धेचा खेळ आपल्या गल्लीतल्या खेळाला जवळचा आहे. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, चारही बाजूंनी फळ्या. एका वेळी एका बाजूचे चारच खेळाडू, त्यातला एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. फळीला आपटून बॉल परत येतो, त्यामुळे खेळ थांबत नाही. मोठ्या मैदानावरची धावण्याची ताकद इथे तितकी लागत नाही. लागतो तो अरुंद जागेत अंग वळवण्याचा चपळपणा. नाल्याच्या कडेला, दोन घरांच्या मधल्या बोळात खेळलेल्या मुलाला हा खेळ नवा वाटत नाही.

आणि एक नियम असा की तो या हकिगतीच्या मुळाशी आहे. खेळाडूने या स्पर्धेत एकदाच खेळायचे. एकदा भाग घेतला की पुन्हा नाही. नियमामागचा विचार चांगलाच आहे, कारण जास्तीत जास्त माणसांना संधी मिळावी, हा त्याचा हेतू. पण वयाच्या अठराव्या वर्षी ज्याला ती संधी मिळते, त्याच्यासाठी तीच पहिली आणि तीच शेवटची.

२००६ मध्ये ही स्पर्धा केपटाऊनला झाली. बारसे तिथे गेले होते आणि तिथे नेल्सन मंडेलांची भेट झाल्याचे त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. भारताचा संघ नागपूरच्या संस्थेमार्फत निवडला जाऊ लागला. देशभरच्या स्पर्धेतून निवड, मग नागपुरात शिबिर, मग प्रवास. संघातली सगळी मुले नागपूरचीच असत असे नाही. पण नागपूर हे त्या प्रवासाचे पहिले स्टेशन झाले.

प्रवासापेक्षा प्रवासाचे कागद अवघड होते. पासपोर्ट हवा तर जन्माचा दाखला हवा, पत्त्याचा पुरावा हवा. घरी जन्मलेल्या, पाचवीत शाळा सोडलेल्या मुलाकडे दाखला कुठला? आणि पत्ता म्हणजे काय? नझूलच्या, म्हणजे सरकारी जागेवरचे घर, पट्टा नाही, मनपाच्या नोंदीत वस्तीचे नाव एक आणि लोकांच्या तोंडी दुसरे. त्यातून पोलीस पडताळणी. ज्या मुलावर एखादा गुन्हा नोंदलेला आहे आणि खटला चालू आहे त्याला कोर्टाची परवानगी काढावी लागते. ज्याच्यासाठी ही स्पर्धा आहे, त्याच्याकडेच ती गाठायला लागणारे कागद नसतात. एका मुलाला परदेशी पाठवायला प्रशिक्षकाला मैदानावर जितके दिवस लागले, त्याहून जास्त दिवस तहसील, ठाणे आणि पासपोर्ट कार्यालय यांच्या फेऱ्यांत गेले असतील तर मला नवल वाटणार नाही. भारतीय राज्ययंत्रणेला ही मुले पहिल्यांदा खेळाडू म्हणून दिसली ती त्या काउंटरवर.

मग युरोप. २०११ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, शां द मार्स या मोकळ्या हिरवळीवर मैदाने मांडली गेली. स्कॉटलंडने अंतिम सामन्यात मेक्सिकोला ४-३ असे हरवले. २०१३ मध्ये पोलंडमधले पोझनान. २०१५ मध्ये आम्स्टरडॅमला, संग्रहालयांच्या मधल्या प्रशस्त चौकात. २०१६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये. २०१७ मध्ये ऑस्लोच्या नगरभवनासमोर. २०१९ मध्ये कार्डिफच्या ब्यूट पार्कमध्ये. ही स्पर्धा शहराबाहेरच्या स्टेडियममध्ये नेऊन ठेवायची नाही, भर चौकात मांडायची, असा आयोजकांचा आग्रह असतो. ज्यांना एरवी चौकातून उठवले जाते त्यांच्यासाठी चौक मोकळा केला जातो. येणारे-जाणारे थांबतात, राष्ट्रगीत वाजते, मुलांच्या छातीवर देशाचे नाव असते. भारतीय संघ या स्पर्धांत जेतेपदाच्या आसपास पोचला नाही. गटातले सामने हरून खालच्या चषकांसाठी झुंजला. निकालांच्या वह्या चाळून कुणी या संघांना कमी लेखू नये. सकाळी दूध विकून, दुपारी हमाली करून सराव केलेला मुलगा पहिल्यांदा विमानात बसतो, वेगळ्या जेवणावर आणि वेगळ्या थंडीत आठ दिवसांत डझनभर सामने खेळतो, समोर मेक्सिको आणि ब्राझील असतात.

आठ दिवस. मग परतीचे विमान.

इथे मला एक दुसरा मुलगा आठवतो, जो परतला नाही. व्हिक्टर ओसिमेन. जन्म २९ डिसेंबर १९९८, लागोस, नायजेरिया. वस्ती ओलुसोसुन, आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या कचराडेपोंपैकी एका डेपोच्या कडेला. आई लहानपणीच गेली. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून धावत पाण्याच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रे विकायची, हे त्याचे काम. कचऱ्याच्या ढिगात बुटांची जोडी शोधायची, डावा एका मापाचा आणि उजवा दुसऱ्या मापाचा मिळाला तरी घालायचा, असे त्याने स्वतः सांगितले आहे. हा तपशील वाचताना मला नागपूरची बादली दिसते. इथपर्यंत दोन्ही हकिगती एकाच वस्तीतल्या वाटाव्यात अशा.

फरक पुढे सुरू होतो. नायजेरियाने १९८५ मध्ये चीनमध्ये झालेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांच्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत जेतेपद मिळवले. १७ वर्षांखालच्या नावाने पुढे सुरू राहिलेल्या याच स्पर्धेत तो देश पुन्हा १९९३, २००७, २०१३ आणि २०१५ मध्ये जिंकला. पाच विजेतेपदे. त्यामुळे लागोसमध्ये एक पायऱ्यांची वाट घासून गुळगुळीत झाली आहे. गल्ली, अकादमी, देशाचा १७ वर्षांखालचा संघ, प्रेक्षकांत बसलेला युरोपचा हेर, करार. ओसिमेन २०१५ च्या चिलीतल्या स्पर्धेत उतरला आणि त्याने १० गोल केले. त्या स्पर्धेच्या एका आवृत्तीत इतके गोल त्याआधी कुणीच केले नव्हते. जर्मनीच्या वोल्फ्सबुर्ग क्लबने त्याला घेतले आणि २०१७ च्या जानेवारीत तो युरोपात दाखल झाला.

आणि तिथे तो चालला नाही. हे मुद्दाम सांगायचे आहे, कारण यशाच्या कथेत हा भाग दोन वाक्यांत गुंडाळला जातो. वोल्फ्सबुर्गसाठी बुंडेसलिगात तो १४ सामने खेळला आणि एकही गोल झाला नाही. दुखापत, थंडी, संघात घडीभराची जागा. २०१८ च्या उन्हाळ्यात तो बेल्जियमच्या दोन क्लबांकडे चाचणीसाठी गेला. मलेरियाने अंग मोडलेले, दोन्ही क्लबांनी नाही म्हटले. चिलीत विक्रम करणारा मुलगा विशीच्या आत युरोपात कुणालाही नकोसा झाला होता. मग बेल्जियममधल्याच शार्लरुआ या लहान क्लबने त्याला उसना घेतला. त्या एका हंगामात त्याने सगळ्या स्पर्धा मिळून २० गोल केले. २०१९ मध्ये फ्रान्सचा लील, २०२० मध्ये नापोली. २०२२-२३ च्या हंगामात त्याच्या २६ गोलांच्या बळावर नापोली ३३ वर्षांनी इटलीचा विजेता झाला. त्या वर्षी तो आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. पण त्या दीड वर्षात, एकही गोल होत नव्हता तेव्हा, त्याच्या अंगावर करार होता. पगार येत होता, डॉक्टर होता, सरावाचे मैदान होते, उसना घेणारा तिसरा क्लब होता. त्याला अपयशी व्हायला वेळ मिळाला. नागपूरच्या मुलाला आठ दिवस मिळाले, आणि त्या आठ दिवसांत तो थंडीने कुडकुडला, बॉल पायातून निसटला, पेनल्टी हुकली, तर ती हुकली. पुढल्या वर्षी सुधारून दाखवू असे म्हणायची सोय नव्हती. या दोन मुलांमध्ये पायांचा फरक किती होता हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण दुसऱ्याच्या पायांना तपासून घ्यायला वेळच दिला गेला नाही.

लागोसची वाट मी सोन्याची म्हणून दाखवत नाही. तिच्यावरून घसरलेल्यांची संख्या मोजता येणार नाही इतकी आहे. खोटे दलाल घरच्यांकडून कर्ज काढून पैसे घेतात, मुलाला पॅरिसच्या एखाद्या हॉटेलात सोडतात आणि फोन बंद करतात. कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बूमँ यांनी अशा मुलांसाठी २००० मध्ये पॅरिसला ‘फूट सॉलिडेअर’ ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी फिफाने अठरा वर्षांखालच्या खेळाडूला देशाबाहेरच्या क्लबने घेण्यावर बंदी घातली, काही अपवाद सोडून. ग्रात्सच्या चौकात पेपर विकणारे तरुण कुठल्या वाटेने आले होते, हेही या पार्श्वभूमीवर वाचावे.

आपल्याकडे दुसरी पायरी कुठेच नव्हती असेही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पाहा. पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आणि शाहू स्टेडियमची गर्दी असलेल्या गावातून तो आला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा हरला, पण मराठी मुलगा त्या मैदानावर होता. पुढे तो काही काळ इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला गेला. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. परतल्यावर तो देशातल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. कोल्हापूरला क्रीडा प्रबोधिनीचा हात मिळाला, त्या हाताला देशाची अकादमी लागली, आणि साखळी पुढे सरकली. नागपूरच्या वस्तीतल्या मुलाला त्या साखळीची पहिली कडी म्हणजे बारसे सर भेटले. दुसरी कडी भेटली नाही. महाराष्ट्राच्या फुटबॉलचा इतिहास लिहिणाऱ्याने या जागी थांबावे आणि इतकी वर्षे ही दुसरी कडी का घडवली गेली नाही हे विचारावे. मला या प्रश्नाचा अजूनही राग येतो.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी पडद्यावर आला. बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली, पण चित्रपट मुलांचा आहे, आणि मुले बहुतेक नागपूरची. अंकुश गेडाम या नागपूरच्या तरुणाला त्यातल्या भूमिकेसाठी पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पासपोर्टचे कागद, ठाण्याच्या पायऱ्या, विमानतळावरची तपासणी हे सगळे त्यात आहे. विमान वस्तीवरून उडते तिथे तो थांबतो. त्या जागी तो थांबणे मला कळते. पण हकिगत विमान उतरल्यावरही चालू राहते.

परतलेला मुलगा त्याच वस्तीत येतो. पहिले आठ दिवस सगळे विचारतात. पेपरात फोटो येतो, नगरसेवक शाल देतो, गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागतो. मग बॅनर पावसात भिजतो. पासपोर्ट दहा वर्षांचा असतो आणि त्यातले एक पान वापरलेले असते. काही मुले पुन्हा मजुरीला लागली. काही हरवली. त्यांची नावे इथे लिहायची नाहीत, पण ती होती.

आणि काहींनी शिट्टी गळ्यात अडकवली. अखिलेश पॉल याने २०१० मध्ये रिओ दि जानेरोतल्या स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘सत्यमेव जयते’ या टीव्ही कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात त्याने आपला वस्तीतला भूतकाळ देशासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितला. फुटबॉलने त्याला क्लब दिला नाही, करार दिला नाही. तो प्रशिक्षक झाला. संस्थेचे पुढचे काम अशा परतलेल्या मुलांच्या खांद्यावर वाढत गेले. एका शहरातून इतर राज्यांत शाखा गेल्या, मुलींचे संघ उभे राहिले. सुरुवातीला मैदानाच्या कडेला उभ्या राहून भावाचा खेळ पाहणाऱ्या मुली आत आल्या, हा बदल मला जेतेपदाहून मोठा वाटतो. ग्लासगोत आणि कार्डिफमध्ये भारताच्या मुली खेळल्या. २०१६ चा फिफाचा विविधतेचा पुरस्कार या नागपूरच्या संस्थेला मिळाला. फिफाने सन्मान केला, पण त्या वर्षीही नागपूरच्या वस्तीतून व्यावसायिक क्लबाकडे जाणारी वाट तयार झालेली नव्हती.

या प्रशिक्षकांना शिकवताना पाहिले की एक गोष्ट जाणवते. बूट नसलेल्या मुलाला ते बाजूला काढत नाहीत, त्याला गोलरक्षक करत नाहीत, अनवाणीच आत घेतात, कारण स्वतः तसेच खेळलेले असतात. उशिरा आलेल्याला का उशीर झाला हे विचारतात आणि उत्तर खरे आहे की खोटे हे त्यांना लगेच कळते. बारा वर्षांच्या पोरीचा डावा पाय चांगला आहे, हे त्यांना दुसऱ्या दिवशी दिसते. तिचा जन्माचा दाखला काढून ठेवा, असे ते तिच्या आईला तिसऱ्या दिवशी सांगतात.